चिनी कंपन्या परदेशात थेट गुंतवणूक का करतात?

घाटमाथा

हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. एक, 'त्यांच्या सरकारला जग गिळायचंय.' दोन, 'पैसा पडून आहे, कुठेतरी घालायचाच.' दोन्ही ऐकायला बरी वाटतात, पण एका साध्या प्रश्नापाशी अडतात. बॅटरी, मोटार, फ्रिज, सोलर पॅनेल जगात सगळ्यात स्वस्त चीनमध्येच बनतं. मग तिथे बनवून बोटीत भरायचं सोडून सीएटीएलने हंगेरीत डेब्रेत्सेनला ७.३४ अब्ज युरोंचा बॅटरी कारखाना का काढला? मोटारी बनवणारी बीवायडी तुर्कस्तान, ब्राझील, थायलंडला का गेली? ग्रेट वॉल मोटर्स तळेगावच्या कारखान्यासाठी अडीच वर्षं का ताटकळत बसली?

धाग्याची हद्द आधीच आखून घेतो. फक्त थेट गुंतवणूक, म्हणजे परदेशी कंपनीत किमान १० टक्के मतहक्क, किंवा स्वतःचा कारखाना, खाण, बंदर. कर्ज, कंत्राट, निर्यात यांतलं काही नको. नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियानहून आले, ती खरेदी. ते डबे कृपया या धाग्यावर आणू नयेत.

माझं मत: बहुतेक कंपन्या हौसेने बाहेर जात नाहीत, कोणीतरी दार लावून घेतं म्हणून जातात. खोडून काढा.

तांबडा_रस्सा

पैसा पडून आहे, कुठेतरी घालायचाच. संपला धागा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

हिशेबनीस

रस्साभाऊ, तुमचं उत्तर साधारण २०१४ ते २०१६ एवढ्या काळापुरतं बरोबर आहे.

जून २०१४ मध्ये चीनची परकीय गंगाजळी ३.९९ लाख कोटी डॉलरवर होती. एवढा पैसा अमेरिकी रोख्यांत ठेवून दोन-अडीच टक्के मिळवण्यापेक्षा कंपन्यांनी बाहेर मालमत्ता घ्यावी, हे सरकारलाही हवंच होतं. 'बाहेर पडा' हे धोरण तर २००१ पासूनच्या दहाव्या पंचवार्षिक योजनेतलं. मग ऑगस्ट २०१५ मध्ये युआनचं अवमूल्यन झालं आणि सगळा सूर बदलला. युआन आणखी पडेल या भीतीने जो तो पैसा बाहेर काढायला लागला आणि त्याला नाव दिलं 'परदेशी गुंतवणूक'. २०१६ चा आकडा १९६ अब्ज डॉलर, आजवरचा उच्चांक. त्यात हॉटेलं, सिनेमागृहं, फुटबॉल क्लब, काय वाट्टेल ते. जानेवारी २०१७ मध्ये गंगाजळी ३ लाख कोटींच्या खाली आली तेव्हा बीजिंगने पाचर मारली. ऑगस्ट २०१७ मध्ये तीन याद्या निघाल्या: प्रोत्साहन, निर्बंध, बंदी. स्थावर मालमत्ता, हॉटेल, चित्रपट, मनोरंजन, क्रीडा क्लब निर्बंधांत गेले, जुगार बंदीत. २०१९ पर्यंत आकडा १३७ अब्जांवर उतरला.

न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया १.९५ अब्ज डॉलरला घेणाऱ्या आनबांग विमा कंपनीचा अध्यक्ष २०१८ मध्ये १८ वर्षांसाठी आत गेला. तेव्हा 'सरकारच सगळं करवून घेतं' म्हणणाऱ्यांनी हा काळ जरूर वाचावा. सरकार निम्मा वेळ ब्रेकवर पाय ठेवून होतं.

तांबडा_रस्सा

फुटबॉल क्लबचं काय झालं ते पण सांगा की. इटलीचा इंटर मिलान चीनच्या सुनिंग कंपनीने २०१६ मध्ये घेतला, मे २०२४ मध्ये कर्ज फिटलं नाही म्हणून अमेरिकी फंडाने उचलून नेला. जग गिळायला निघालेले, ऐन जेवणात ताट गेलं.

जकात_नाका

घाटमाथा यांच्या 'दार लावलं' या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. आयडीवरून कळलंच असेल.

मोटारींचं घ्या. युरोपीय संघाचं मूळ आयात शुल्क १० टक्के. ऑक्टोबर २०२४ पासून चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर त्यावर जादा शुल्क बसलं: बीवायडीला १७, गीलीला १८.८, एसएआयसीला ३५.३ टक्के. बीवायडीची २०,००० युरो आयातमूल्याची गाडी धरा. आधी २,००० युरो भरायचे, आता ५,४००. गाडीमागे ३,४०० युरो जादा. वर्षाला लाखभर गाड्या विकायच्या असतील तर ३४ कोटी युरो दरसाल नुसत्या शुल्कात जातात. हंगेरीतल्या सेगेदला कारखाना काढला तर हे सगळं शून्य. तिथली मजुरी, वीज, जमीन महाग पडूनही हिशेब बसतो.

तुर्कस्तानने तर सौदा उघड्यावरच केला. जून २०२४ मध्ये चिनी गाड्यांवर ४० टक्के जादा शुल्क लावलं आणि इथे गुंतवणूक करेल त्याला सवलत दिली. जुलैत बीवायडीने मनिसाला १ अब्ज डॉलर आणि वर्षाला दीड लाख गाड्यांचा करार केला.

आपल्याकडचे मोबाईल हेच. तयार फोनवरचं शुल्क डिसेंबर २०१७ मध्ये १० वरून १५ आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात २० टक्के झालं. त्याच्या जोडीला सुट्या भागांवर टप्प्याटप्प्याने शुल्क: आधी चार्जर-बॅटरी, मग छापील सर्किट, मग कॅमेरा. ओप्पो-विवोचे ग्रेटर नोएडातले कारखाने भारतप्रेमापोटी उभे राहिलेले नाहीत.

पेरूची_फोड

पण बॅटरीवर असं शुल्क कुठे होतं? डेब्रेत्सेनची घोषणा ऑगस्ट २०२२ ची, गाड्यांवरचं जादा शुल्क २०२४ चं. तारखा जुळत नाहीत.

जकात_नाका

रास्त शंका. बॅटरीत कारण वेगळं: वजन आणि गिऱ्हाईक. एका गाडीचा पॅक ४००-५०० किलोचा. लिथियम-आयन बॅटरी वाहतुकीत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येते, म्हणजे वेगळी वेष्टनं, वेगळे कागद, जादा विमा, आणि कंटेनर जहाजावर कुठे ठेवायचा याचेही नियम. शिवाय माल महिनाभर समुद्रावर, म्हणजे तेवढं भांडवल पाण्यात. मोटार कंपनीला पॅक हवा असतो जुळणीच्या दारात, ठरलेल्या दिवशी. डेब्रेत्सेनलाच बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे, मर्सिडीजचा केच्केमेतला. सुटे भाग बनवणारा मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागे जातो, चाकणभोवती जे झालं तेच.

खडूस_मास्तर

दार लावलं म्हणून गेले, हे एक कारण झालं. अर्थशास्त्रात जॉन डनिंगची चार कारणांची जुनी विभागणी आहे: बाजार, कच्चा माल, खर्चाची बचत आणि तयार कौशल्य-तंत्रज्ञान. चिनी कंपन्यांना ती पूर्ण बसत नाही, कारण त्यांच्यात एक पाचवं कारण जबरदस्त आहे. ते म्हणजे घरातून पळणं.

२००८ पूर्वी चीनमध्ये देशी कंपनीला ३३ टक्के आयकर आणि परदेशी भांडवलाच्या कंपनीला विशेष क्षेत्रात १५ टक्के किंवा त्याहून कमी. मग काय, पैसा हाँगकाँगला न्यायचा, तिथे कंपनी नोंदवायची आणि 'परदेशी गुंतवणूकदार' होऊन शेनझेनला परत यायचं. १ जानेवारी २००८ पासून सगळ्यांना सरसकट २५ टक्के झाला आणि ही मौज कमी झाली, बंद नाही. अजूनही चीनच्या बाहेर जाणाऱ्या गुंतवणुकीतला साधारण ६० टक्के पैसा पहिल्यांदा हाँगकाँगला उतरतो, शिवाय केमन आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरही. म्हणून 'अमुक देशात चीनची गुंतवणूक किती' या तक्त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पैसा पहिल्या थांब्यावर मोजला जातो, शेवटच्या नाही. आपल्याकडचे 'चीनहून आलेले' आकडे किरकोळ दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. सिंगापूर-हाँगकाँगमार्गे आलेलं त्यात धरलेलं नसतं.

चक्रम_बंडू

म्हणजे कोल्हापूरहून सांगलीला जायचं व्हाया मॉरिशस. यात आपणही काही कमी नाही हो मास्तर.

कोळसा_वखार

कच्च्या मालाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंडोनेशियातलं निकेल घ्या. 'चीनने खाणी बळकावल्या' असं सरसकट म्हणतात. खाणी बऱ्याचशा इंडोनेशियन मालकांच्याच आहेत. चिनी पैसा आहे भट्ट्यांत. आणि भट्ट्या तिथे का, तर इंडोनेशियाने जानेवारी २०१४ मध्ये कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली. २०१७ मध्ये थोडी ढील दिली, १ जानेवारी २०२० पासून पुन्हा पूर्ण बंद.

आता गणित. तिथल्या लॅटराइट खनिजात, कोरड्या वजनावर, निकेल १.७ टक्क्यांच्या आसपास, आणि ओल तिसरा हिस्सा. एक टन निकेल काढायला ६०-६५ टन कोरडं, म्हणजे नव्वदीच्या पुढे ओलं खनिज लागतं. ते चीनला नेणं म्हणजे माती आणि पाणी नेणं. तिथेच फिरत्या भट्टीत वाळवून, भाजून, मग विजेच्या भट्टीत वितळवलं की १०-१२ टक्के निकेलचं कच्चं लोखंड मिळतं, म्हणजे एक टन निकेल साधारण ९ टन मालात. वाहतूक दहावा हिस्सा झाली. त्सिंगशान या चिनी पोलाद कंपनीने सुलावेसीतल्या मोरोवालीला पुढची पायरी केली: शेजारीच स्टेनलेस स्टीलचा कारखाना, आणि वितळलेलं लोखंड थंड न करता तसंच पुढच्या भट्टीत. पुन्हा वितळवायची वीज वाचली. युरोप-अमेरिकेतले जुने उत्पादक या खर्चाच्या जवळपासही येत नाहीत.

बंदी घालणाऱ्या देशाला हवं होतं तेच घडलं, फक्त वीज सगळी दगडी कोळशाची आणि सुरक्षितता यथातथा. २४ डिसेंबर २०२३ ला दुरुस्तीसाठी बंद असलेल्या भट्टीतून उरलेला तापलेला स्लॅग (धातूची मळी) बाहेर आला, आग लागली, २१ कामगार गेले. चिनीही होते, इंडोनेशियनही. चिनी कंपनीचा बाहेर जाण्यातला खरा हुकमी पत्ता वेग असतो, दीड-दोन वर्षांत भट्टी पेटते. त्याच वेगात चाचण्या, प्रशिक्षण, स्थानिक भाषेतल्या सूचना यांचा चुराडा होतो.

बंदरावरचा

ओल्या निकेल खनिजाबद्दल एक भर. हा माल जहाजावर भयंकर समजला जातो. मर्यादेपेक्षा जास्त ओल असली तर जहाजाच्या हिंदकळण्याने खनिज चिखलासारखं पातळ होतं, एका बाजूला सरकतं आणि जहाज कलंडतं. २०१० च्या शेवटच्या काही महिन्यांत इंडोनेशियन निकेल भरलेली तीन जहाजं अशीच बुडाली, चाळिसाहून जास्त खलाशी गेले. भट्टी खाणीपाशी नेण्याचं हेही एक कारण, ताळेबंदात न दिसणारं.

खडूस_मास्तर

वखारवाले, प्रतिसाद उत्तम, पण यात 'चीनला कच्चा माल सुरक्षित हवा' हा सरकारी हेतू तुम्ही पार उडवून लावलात. पेरूतली लास बांबास तांब्याची खाण बघा. ग्लेनकोर आणि एक्सट्राटा या दोन बड्या खाण कंपन्या एकत्र होणार होत्या. चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने २०१३ मध्ये मक्तेदारीविरोधी मंजुरी देताना अट घातली की लास बांबास विका. २०१४ मध्ये घेतली कोणी, तर चिनी सरकारी मालकीच्या एमएमजीच्या गटाने, सुमारे ५.८५ अब्ज डॉलरला. आता म्हणा दार दुसऱ्याने लावलं!

कोळसा_वखार

मान्य, ते उदाहरण सरकारी हाताचंच. पण 'सुरक्षित माल' म्हणजे नक्की काय ते बघू. लास बांबासचं तांबं चीनला जागतिक भावानेच मिळतं, स्वस्तात नाही. खाण विकत घेण्याचा खरा फायदा नफा-तोट्याच्या तोलात आहे. चीनमध्ये तांबं वितळवणारे कारखाने वाजवीपेक्षा जास्त झालेत, सगळे खनिजासाठी भांडतात, त्यामुळे वितळवण्याची मजुरी पडते. वार्षिक करारातला दर २०२४ साठी टनाला ८० डॉलर होता, २०२५ साठी २१.२५. या दरात नुसता वितळवणारा मरतो. ज्याच्याकडे खाणही आहे त्याचं इकडचं नुकसान तिकडे भरून निघतं. काँगोतल्या तेंके फुंगुरुमे या तांबं-कोबाल्टच्या खाणीचा ५६ टक्के हिस्सा चीनच्या सीएमओसीने २०१६ मध्ये २.६५ अब्ज डॉलरला घेतला, त्यातही खनिजातला नफा आपल्याकडे वळवणं हेच. अर्थात काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली, आणि नंतर कोटा लावला, तेव्हा खाण 'आपली' असण्याचा किती उपयोग ते दिसलं.

आणि लास बांबासमध्ये बिघडलं काय तेही सांगा की मास्तर. मूळ आराखड्यात खनिजाचा गाळ नळातून न्यायचा होता. मालक बदलल्यावर तो बेत गेला आणि ट्रक आले. दिवसाला शेकडो ट्रक, कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना गावं. धूळ पिकांवर, पैसा लिमाला. मग गावकऱ्यांनी रस्ता अडवला, आणि पुन्हा पुन्हा अडवतच राहिले. खाणीचं काम कितीतरी वेळा बंद पडलं. नळाचा खर्च वाचवायला गेले.

पेरूची_फोड

माझ्या आयडीचा पेरू देशाशी संबंध नाही, तरी वाचून वाईट वाटलं.

एक बाळबोध प्रश्न. चिनी कंपनीला बाहेर पैसा न्यायला परवानगी कोणाकोणाची लागते? आणि ती अडते कुठे?

हिशेबनीस

तीन दारं आहेत.

पहिलं, राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोग. मार्च २०१८ पासूनच्या नियमावलीनुसार देश किंवा क्षेत्र 'संवेदनशील' असेल (युद्ध चालू असलेला देश, राजनैतिक संबंध नसलेला देश, शस्त्रास्त्रं, वृत्तमाध्यमं, शिवाय ती निर्बंधांची यादी) तर मंजुरी लागते. बाकीच्यांना नुसती नोंद. खासगी किंवा प्रांतिक कंपनीचा प्रकल्प ३० कोटी डॉलरच्या खाली असेल तर नोंद प्रांताच्या आयोगाकडे, वर असेल तर बीजिंगला. केंद्र सरकारच्या कंपन्यांना रक्कम कितीही असो, बीजिंगच. आधी हाँगकाँगच्या उपकंपनीतून परस्पर खरेदी करण्याची पळवाट होती, ती याच नियमावलीने बुजवली.

दुसरं, वाणिज्य मंत्रालयाचं परदेशी गुंतवणुकीचं प्रमाणपत्र. दोन वर्षांत पैसा गेला नाही तर ते बाद होतं.

तिसरं आणि खरं दार, बँक. २०१५ पासून परकीय चलनाची नोंदणी बँकेकडेच होते, पण बँकेला वरून इशारे येत असतात. कागदोपत्री नोंद सात कामाच्या दिवसांत होते म्हणतात. खरा वेळ जातो त्याआधीच्या 'चर्चेत' आणि बँकेत. बँक विचारते: पैसा स्वतःचा की कर्जाचा, मूळ धंद्याशी संबंध काय, लेखापरीक्षित हिशेब कुठे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये चार खात्यांनी मिळून संशयित प्रकारांची यादी दिली. त्यात मूळ धंद्याबाहेरची मोठी खरेदी, कालच काढलेली कंपनी आज बाहेर चाललेली, आणि 'छोटी आई, मोठं लेकरू', म्हणजे पाच पैशांच्या कंपनीची शंभर रुपयांची उपकंपनी. तेव्हापासून परदेशी विक्रेते चिनी खरेदीदाराकडून चीनबाहेरच्या खात्यात आगाऊ ठेव मागायला लागले. मंजुरी अडली आणि सौदा मोडला तर ठेव जप्त.

चक्रम_बंडू

'छोटी आई, मोठं लेकरू' ही आमच्याकडच्या सहकारी संस्थांची अधिकृत व्याख्या म्हणून स्वीकारावी असा ठराव मांडतो.

घाटमाथा

बंडू, ठराव मंजूर.

तंत्रज्ञानासाठीची खरेदी राहिली. ते तर कोणी दार लावलं म्हणून नव्हे, हे मला दिसतंय.

गिअरबॉक्स

त्यावर लिहितो. फोर्डने व्होल्वो १९९९ मध्ये ६.४५ अब्ज डॉलरला घेतली आणि २०१० मध्ये गीलीला १.८ अब्जांच्या करारात दिली. गीलीकडे तेव्हा स्वस्त गाडी बनवायची अक्कल होती, पण अपघात-सुरक्षा, चासिसची बांधणी, ब्रँड यांतलं काही नव्हतं. हे घरी शिकायला पंधरा-वीस वर्षं गेली असती. शहाणपण असं की त्यांनी व्होल्वोच्या घरची, स्वीडनमधल्या योटेबोरीची अभियंत्यांची फळी उचलून चीनला नेली नाही. २०१३ मध्ये तिथेच संयुक्त तंत्रज्ञान केंद्र काढलं आणि छोट्या गाड्यांचा एक ढाचा दोन्ही घरांसाठी बनवला. त्याच ढाच्यावर व्होल्वोची एक्ससी ४० आणि गीलीची लिंक अँड को. व्होल्वोची विक्री २०१० मध्ये ३.७३ लाख होती, २०२३ मध्ये ७.०८ लाख.

उलटं उदाहरण एसएआयसीचं. २००४ मध्ये दक्षिण कोरियाच्या सँगयाँगचा ४८.९ टक्के हिस्सा सुमारे ५० कोटी डॉलरला घेतला. कबूल केलेली नवी गुंतवणूक आली नाही, डिझेल-हायब्रिडचं तंत्रज्ञान चीनला नेल्याचा आरोप झाला, मंदी आली आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनी न्यायालयाच्या ताब्यात. मग प्योंगतेकच्या कारखान्यात ७७ दिवसांचा कब्जा-संप. नंतर ती आपल्या महिंद्रने घेतली. एक्सयूव्ही ३०० चा सांगाडा सँगयाँगच्या तिवोलीचाच. महिंद्रलाही ती झेपली नाही तो भाग वेगळा.

फरक कुठे पडला? गीलीने आधी व्होल्वोच्या नव्या मॉडेलांवर पैसा ओतला, एसएआयसीने आधी नकाशे मागितले. थोडं ढोबळ आहे, पण कोरियातल्या कामगार संघटनेला विचाराल तर हेच सांगतील.

आता हे दार जवळपास बंद आहे. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या चिनी मिडिया कंपनीने २०१६ मध्ये जर्मनीची रोबोट कंपनी कूका घेतली आणि बर्लिनमध्ये धरणीकंप झाला. त्याच वर्षी चिपसाठीची यंत्रं बनवणाऱ्या जर्मनीच्याच आयक्स्ट्रॉनचा सौदा अमेरिकेच्या ओबामांनी अडवला. जर्मनीने २०१७ मध्ये नियम कडक केले, २०१८ च्या अखेरीस संवेदनशील क्षेत्रांत तपासणीची मर्यादा २५ वरून १० टक्के हिश्श्यावर आणली.

तांबडा_रस्सा

हंबनटोटा! अजून कोणी काढलं नाही? धाग्याचं काश्मीर करायला मीच लागतो.

बंदरावरचा

काढलंत तर निस्तरतो. २०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्टने १.१२ अब्ज डॉलर देऊन ९९ वर्षांसाठी बंदर चालवायला घेतलं. 'कर्ज फिटलं नाही म्हणून बंदर घेतलं' असं छापून येतं, पण चिनी बँकेचं बंदरासाठीचं कर्ज माफ झालं नाही. ते श्रीलंकेच्या खजिन्यावर तसंच राहिलं. आलेले डॉलर गंगाजळीला टेकू द्यायला वापरले, कारण तेव्हा गळ्याशी आलं होतं ते डॉलर-रोख्यांचं देणं. कर्जाचा भाग घाटमाथांनी हद्दीबाहेर ठेवलाय, नाहीतर त्यावर दुसरा धागा होईल.

गुंतवणुकीचा हेतू बघायचा तर ग्रीसमधलं पिरेयस बंदर जास्त बोलकं आहे. ते चालवणाऱ्या चिनी कॉस्कोकडे स्वतःची जहाजं. सुएझमधून वर आल्यावर युरोपातलं पहिलं मोठं बंदर ग्रीसचं. तिथे माल उतरवून छोट्या जहाजांनी काळ्या समुद्रात, एड्रियाटिकमध्ये, रेल्वेने हंगेरी-चेकपर्यंत. धक्का आपला असला की जहाज ताटकळत नाही, आणि स्वतःच्या मालाची खात्री असल्याने क्रेनवर पैसा घालायची भीती नाही. २००९ मध्ये ६.६५ लाख कंटेनर, २०१९ मध्ये ५६.५ लाख. २०१६ मध्ये बंदर प्राधिकरणाचाच ५१ टक्के हिस्सा २८ कोटी युरोंना घेतला, २०२१ मध्ये आणखी १६ टक्के. स्वस्तात पडलं, कारण ग्रीस कर्जात बुडालेला आणि युरोपच विक्रीची अट घालत होता. विकायला दुसऱ्यानेच लावलं, हे घाटमाथांच्या खात्यात जमा करा.

जकात_नाका

एक इशारा. दाराला वळसा घालायला गेलेल्यांना दुसरं दार लागतंच. अमेरिकेने २०१२ मध्ये चिनी सोलरवर शुल्क बसवलं. कंपन्या मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, कंबोडियाला गेल्या. मग अमेरिकी वाणिज्य खात्याने चौकशीत कसोटी काढली: सिलिकॉनची चकती चिनी असेल आणि चांदीची पेस्ट, ॲल्युमिनियमची चौकट, काच, मागचं पान, ईव्हीएचा थर, जोडणीची पेटी या सहांपैकी दोनपेक्षा जास्त वस्तू चीनच्या असतील तर माल चिनीच. २०२५ मध्ये या चारही देशांवर थेट शुल्क आलं, कंबोडियातल्या काही कंपन्यांना ३,५०० टक्क्यांच्या वर. हा आकडा छापखान्याची चूक नाही. अशा शेडमध्ये घातलेला पैसा चार-पाच वर्षांत वसूल झाला पाहिजे, हे धरूनच हल्ली यंत्रं मांडतात, उचलून पुढच्या देशात नेता येतील अशी.

गिअरबॉक्स

आणि काही ठिकाणी गुंतवणूकच करत नाहीत. फोर्डचा मिशिगनमधला बॅटरी कारखाना बघा, २०२३ मध्ये जाहीर झालेला. मालकी शंभर टक्के फोर्डची, सीएटीएल फक्त परवाना आणि सेवा देणार, शुल्क घेणार. एकेकाळी चीनमध्ये परदेशी कंपन्या हेच करायच्या. आता चीनने जुलै २०२५ मध्ये बॅटरीतला कॅथोड बनवायच्या काही तंत्रांवर निर्यात-परवाना लावलाय. म्हणजे कारखाना जाऊ दे, कृती घरात राहू दे.

पेरूची_फोड

घरच्या स्पर्धेचं कोणीच काही म्हटलं नाही. चीनमध्ये मोटारींचं भावयुद्ध चालू आहे, नफा पार घासला गेलाय. बीवायडीची ॲटो ३ जर्मनीत चीनच्या जवळपास दुप्पट भावाला विकली गेलीय. २७ टक्के शुल्क भरूनही बाहेरच बरं, असं वाटणारच. मग दार कुठलं? हे तर घरात घुसमट होते म्हणून बाहेर पडणं झालं.

खडूस_मास्तर

उत्तम मुद्दा, आणि घाटमाथांच्या मताला खरा छेद इथे जातो. घुसमट ढकलते, पण ती निर्यातीकडेही ढकलू शकते. निर्यात करायची की कारखाना काढायचा, तो निर्णय समोरच्या देशाचा. दोन्ही मिळून पूर्ण चित्र.

घाटमाथा

मास्तर, पटतंय. तळेगाव मात्र तसंच लोंबकळत राहिलं. माझ्या मूळ प्रश्नातलं तेवढं कोणीतरी घ्या.

गिअरबॉक्स

घेतो. जानेवारी २०२०: जनरल मोटर्स तळेगावचा कारखाना ग्रेट वॉलला विकायचं ठरवते. ग्रेट वॉलला तयार रंगशाळा, प्रेस शॉप, चाकणभोवतीचे पुरवठादार मिळणार. तयार गाडीवर तेव्हा ६० ते १०० टक्के आयात शुल्क, म्हणजे बाहेरून आणून विकणं शक्यच नाही. १७ एप्रिल २०२०: भारताचं प्रेस नोट ३, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला, आणि तिथला लाभार्थी मालक असेल तरीही, सरकारी मंजुरी सक्तीची. जून २०२०: राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार, आणि त्याच दिवसांत गलवान. करार स्थगित. मंजुरी शेवटपर्यंत आली नाही. मधल्या काळात जीएमने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं आणि हजाराहून जास्त कामगारांचा वाद कोर्टात गेला. २०२२ च्या मध्यात ग्रेट वॉलने नाद सोडला, २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला.

मौज बघा: त्याच कंपनीने, त्याच वर्षी, त्याच जीएमकडून थायलंडमधला रायोंगचा कारखाना घेतला. नोव्हेंबर २०२० मध्ये ताबा, जून २०२१ मध्ये गाड्या बाहेर. २०२१ मध्ये ब्राझीलमधला मर्सिडीजचा कारखानाही घेतला. भारतासाठीचे लोक आणि मॉडेलं तिकडे वळली.

हिशेबनीस

प्रेस नोट ३ चा चावा आधीच आलेल्यांनाही बसला. हालोलला जीएमचाच कारखाना घेऊन एमजी चालवणाऱ्या एसएआयसीला विस्तारासाठी नवं भांडवल आणायचं तरी मंजुरी हवी. ती मिळेना, म्हणून शेवटी जेएसडब्ल्यूला ३५ टक्के हिस्सा दिला. उलट हायरने रांजणगावचा कारखाना २००७ मध्येच घेऊन ठेवला होता, तर बांधकाम-यंत्रं बनवणाऱ्या सॅनीचा चाकणचा कारखानाही २०२० च्या कितीतरी आधीचा. त्यांचं बस्तान बसून गेलं होतं.

तांबडा_रस्सा

वाचनखूण साठवली. हंबनटोटाचा धागा मी काढू की बंदरावरचे काढताय?

बंदरावरचा

मी काढतो. तुम्ही फक्त पहिला प्रतिसाद देऊ नका.